सिद्रामआबांचं मागचं बी

सिद्रामआबा,

तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्या दिवशी शाळेत शोकसभा झाली आणि त्या सभेत मी खोटं बोलले. मुख्याध्यापकांनी मलाच उभं केलं, कारण तुम्हाला शाळेत मी आणलं होतं. सुरुवात बरी झाली. नववीच्या मुलांना तुम्ही रानात अनवाणी कसं उभं केलंत, माती हातात घेऊन ओळखायला कसं शिकवलंत, ते सांगितलं. मग बोलता बोलता यंदाच्या पेरणीवर आले. समोर तीच मुलं मांडी घालून बसलेली. मी म्हणाले, "यंदा पावसाने आबांनाही चकवलं. एवढ्या जाणत्या माणसाचाही अंदाज चुकतो, इतकं हवामान बदललंय." मुख्याध्यापकांनी मान डोलावली. दोन मिनिटं मौन झालं आणि मुलं रांगेने वर्गात गेली.

शाळेमागचं अर्धा एकर रान यंदा रिकामं का पडलंय, याचं उत्तर मुलांना आता पक्कं मिळालं. आबा चुकले म्हणून. खरं काय घडलं ते तुम्हाला माहीत होतं आणि मला माहीत आहे. तुम्ही जिवंत असताना बोलला नाहीत, आता तर प्रश्नच नाही. राहिले मी.

उद्या सोमवार. तिसरा तास नववीचा, विज्ञानाचा, म्हणजे माझाच. त्या तासाला मुलांना खरं सांगायचं असं मी गेले आठ दिवस रोज ठरवतेय आणि रोज फळ्याकडे वळून दुसराच धडा सुरू करतेय. म्हणून आज रविवारी जुळे सोलापुरातल्या आमच्या फ्लॅटच्या गॅलरीत बसून आधी तुम्हाला सांगतेय. लिहिलेलं तुम्हाला आवडत नाही हे ठाऊक आहे. पण तुमच्यापुढे तोंडाने बोलायची वेळ मी घालवली, आता लिहिण्यावाचून इलाज नाही.

आपलं पहिलं भांडण लिहिण्यावरूनच झालं होतं. तीन वर्षांपूर्वी वरून एक उपक्रम आला, परिसरातलं पारंपरिक ज्ञान गोळा करा, मुलांना शिकवा, हवामान बदलाला तोंड द्या. मी स्कूटीवरून रोज अक्कलकोटच्या बाजूला गावात येणारी, शहरातली बाई. गावात कोणाला काय येतं हे मला कुठे माहीत? खिचडी शिजवणाऱ्या मावशींनी तुमचं नाव सांगितलं, तिफणीवर तुमच्यासारखा पेरणारा हात आता गावात उरला नाही म्हणाल्या. मी तुमच्या दारात आले आणि हवामान बदलावर चांगलं पाच मिनिटं बोलले. तुम्ही ऐकून घेतलंत आणि विचारलंत, "म्हंजे हवा बदलली, ती शाळेला आता कळली व्हय?"

तरी आलात. मी मुलांसाठी छापील तक्ता करून आणला होता. पहिल्या रकान्यात पारंपरिक पद्धत, दुसऱ्यात शास्त्रीय कारण, तिसऱ्यात निष्कर्ष. तुम्ही तो उलटासुलटा करून पाहिलात. "ह्यात माती कुटं हाय?" मी म्हटलं, आबा, लिहून ठेवलं नाही तर मुलं विसरतील. तुम्ही म्हणालात, "लिवलं की मग खुशाल इसरतात. वहीत हाय म्हनून डोस्क्यात ठेवत न्हाईत." या मुद्द्यावर आपलं तीन वर्षांत एकदाही पटलं नाही. मी मुलांना तक्ते भरायला लावायची आणि तुम्ही आलात की ते तक्ते दप्तरात जायचे.

मग तुम्ही मुलांना बूट काढायला सांगितले. मला काट्यांची, विंचवांची, पालकांची, सगळ्यांची भीती वाटली. मी नाही म्हणाले. "तुमीबी काढा की बाई," तुम्ही शांतपणे म्हणालात, आणि मुलं माझ्या पायांकडे बघायला लागली. काढावे लागले. वर ऊन लागलेली माती आणि ढेकळात पाय रुतला की खालची गार. तुम्ही वीतभर उकरून मूठभर माती काढलीत, दाबून गोळा केलात आणि कमरेच्या उंचीवरून सोडलात. गोळा तसाच राहिला. "अजून ओल जास्त हाय." तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच केलंत, गोळा पडून फुटला. "नोड," तुम्ही कानडीत म्हणालात, बघा म्हणून. "ह्यो वाफसा. आता पेरायचं. उद्या न्हाय." मी बारा वर्षं वाफशाची व्याख्या शिकवत होते. परीक्षेत दोन गुणांना यायची. हातात कधी घेतली नव्हती.

दुसऱ्या वर्षी पाऊस पेरणीनंतर पार गायब झाला. ज्वारी कमरेला आली आणि काळ्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडल्या. मुलं हिरमुसली. तुम्ही त्यांना वरची माती हलवायचं कोळपं धरायला लावलंत. बैल मिळेनात तेव्हा चार मुलं पुढे आणि एक मागे, असं ते ओढलं. "भेगा बुजवा. पानी वरनं येत न्हाय तर खालचं तरी जाऊ देऊ नगा." तीनदा कोळपणी झाली. पालक तक्रार करायला आले, शाळेत शिकायला पाठवतो का औताला जुंपायला. मी तुमच्या बाजूने भांडले. आसपासच्या रानांत कणसं वाळून गेली तेव्हा आपल्या अर्ध्या एकरात दाणे भरले. त्या वर्षी तुमच्याबद्दल मला एवढा अभिमान वाटला की मी तो माझाच समजू लागले, आणि पुढचं सगळं तिथून सुरू झालं असं मला आता वाटतं.

काढणीच्या वेळी रमजान होता. माझे रोजे चालू. ऊन वाढत होतं आणि तुम्ही पाण्याची कळशी उचलून बाभळीपलीकडे नेऊन ठेवलीत. मुलं एकेक करून तिकडे जाऊन पाणी पिऊन यायची. मला संकोच वाटला. म्हटलं, "आबा, इथंच प्या की, मला काही होत नाही." तुम्ही कणसं खुडता खुडता म्हणालात, "मला व्हतंय." त्या संध्याकाळी घरी रोजा सोडताना मी अम्मीला तुमच्याबद्दल सांगितलं आणि ईदला तिने तुमच्यासाठी शीरखुर्म्याचा डबा वेगळा भरला.

काढणीच्या त्याच दिवशी तुम्ही बियाण्याची कणसं निवडायला शिकवलंत. मी मोठ्यात मोठी कणसं गोळा केली आणि तुम्ही त्यातली निम्मी परत टोपलीत टाकलीत. बांधाकडची नको, रानाच्या मधली घ्या. नुसतं थोराड नको, दाणा भरलेला बघा. निवडलेली कणसं खिचडीच्या खोलीत चुलीवरच्या आढ्याला टांगलीत, धूर लागावा म्हणून. पुढे ती मळून, राखेत घोळवून दोन मडक्यांत भरलीत आणि तोंडाला फडकं बांधलंत. फडकं बांधताना, आमच्याकडे न बघता, तुम्ही म्हणालात, "माजं रान पोरानं उसाला घातलं. ह्यो वाण आता शाळेतच ऱ्हायला."

मग मुलांना नियम सांगितलात. एक मडकं पेरायचं. दुसरं मागचं बी. पहिलं उगवून गुडघ्याला येईपर्यंत दुसऱ्याला हात लावायचा नाही. पाऊस दडी मारेल, नाहीतर धो धो येऊन रान बसवेल, किडा लागेल, काहीही होईल. मग मागचं बी काढायचं आणि पुन्हा पेरायचं. तेव्हा आठवीत असलेली वैष्णवी, तुमची लाडकी, लगेच विचारती झाली, "आन् पयलंच चांगलं आलं तर?"

"तर मागच्याच्या भाकरी करा. मलाबी बोलवा."

सगळे हसले. मी तर तो नियम मुलांना तक्त्यात लिहायलाही लावला. दुसरा रकाना, शास्त्रीय कारण: दुबार पेरणीची तरतूद. इतकं मला नीट समजलं होतं.

आता यंदाचं. सप्टेंबरातला तो गुरुवार. रान वाफशावर आलं, तुम्ही तिफण आणि शेजाऱ्याचे बैल घेऊन सकाळीच हजर. मी मोबाईल पुढे केला. पुढच्या आठवड्यात जोराच्या पावसाचा इशारा होता. मी म्हटलं, चार दिवस थांबू. तुम्ही म्हणालात, "वाफसा चार दिवस थांबतोय व्हय?" मी म्हटलं, आबा, आता पाऊस नक्षत्रांचं ऐकत नाही. तुम्ही म्हणालात, "तुमच्या मोबाईलचं ऐकतोय का?" मुलं एकदा तुमच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होती. गंमत म्हणून सुरू झालेलं बोलणं चढत गेलं. शेवटी तुम्ही तिफणीच्या चाड्यावर बियाची मूठ धरलीत आणि म्हणालात, "बाई, तुमचंबी खरं असंल. म्हनून तर मागचं हाय." आणि पेरलंत. एका मुठीतून तिन्ही नळ्यांत सारखं बी सोडणारा तुमचा हात मी शेवटचा पाहिला तो तेव्हा.

शनिवारी पाहुणे येणार होते, उपक्रम बघायला. मुख्याध्यापक म्हणाले, स्वागताला काहीतरी वेगळं करू, हार-गुच्छ नको. आणि मला सुचलं. दोष दुसऱ्या कोणावर ढकलायला जागा नाही, मलाच सुचलं. प्रयोगशाळेच्या कपाटात दुसरं मडकं होतं. पेरणी तर झाली होती. छोट्या पारदर्शक पाकिटांत ते बी भरायचं आणि गुच्छाऐवजी द्यायचं. घराजवळच्या दुकानातून मी रंगीत लेबलं छापून आणली, 'पारंपरिक ज्वारी, उद्याच्या हवामानासाठी'. पाकिटं इतकी सुंदर दिसत होती. पाहुणे खूश झाले, फोटो निघाले, ते गटावर फिरले, मला अंगठे आले. त्या दिवशी तुम्ही घरीच होता. बरं झालं घरी आहेत, असंही मनात येऊन गेलं माझ्या. म्हणजे मला आतून कळत होतं. पुढे कधीतरी हे नाकबूल करावंसं वाटेल म्हणून इथे स्पष्ट लिहून ठेवते.

सोमवारी पाऊस आला. मंगळवारीही ओतला. नुकते फुटलेले कोंब पाण्याखाली गेले आणि पाणी ओसरल्यावर रान सारवल्यासारखं गुळगुळीत बसलं. मोबाईल खरा ठरला. आबा, यातलं सगळ्यात वाईट मला हे वाटतं की पाऊस येणार असं मीच तर म्हणत होते. त्यासाठी मी तुमच्याशी मुलांदेखत भांडले. आणि पाऊस येणार अशी जिची खात्री, तिनेच दोन दिवसांत मागचं बी वाटून टाकलं. म्हणजे माझा विश्वास ना तुमच्यावर होता, ना मोबाईलवर. माझा विश्वास फोटोवर होता.

आठ-नऊ दिवसांनी तुम्ही पुन्हा तिफण घेऊन आलात. मी वऱ्हांड्यात उभी. तुम्ही चिडलेले नव्हता, उलट थोडे खुशीतच होता. माझ्याकडे बघून म्हणालात, "तुमचा मोबाईल जितला बाई. आना मागचं." मुलांना वाटलं मी आत जाऊन मडकं आणीन. मी हललेच नाही. मग तुम्ही स्वतः आत गेलात, कपाट उघडलंत, फडकं सोडलंत. आत थोडी राख होती. तुम्ही हात घालून ती चाचपलीत आणि हात बाहेर काढून माझ्याकडे बघितलंत. मागे दारात मुलं दाटीने उभी.

मला एवढंच म्हणायचं होतं, आबा, माझी चूक झाली. चार शब्द. त्याऐवजी मी म्हणाले, "तुम्ही चार दिवस थांबला असता तर ही वेळच आली नसती." वर आणखी म्हणाले, "तुमच्या नक्षत्रांचं आता काही खरं राहिलेलं नाही."

तुम्ही धोतराला हात पुसलात. राख पांढऱ्यावर दिसली नाही. "व्हय," म्हणालात, "पाऊस मला कळला न्हाय." मी घाईघाईने म्हटलं, दुकानातून पिशवी आणते, पेरू. तुम्ही म्हणालात, "आना. पेरा." आणि बैल वळवून निघून गेलात. पिशवी काही आणली गेली नाही. मुख्याध्यापक म्हणाले, यंदा राहू द्या, फोटो तर झालेत.

त्यानंतर तुम्ही शाळेत आला नाहीत. मी मुलांना सांगितलं, आबांना बरं नाही. तेव्हा तुम्हाला बरं होतं. पुढे खरंच बरं नसल्याचं कानावर आलं, तोवर सहामाही परीक्षा, मग दिवाळीची सुट्टी, मला रोज नवं कारण सापडत होतं. शाळेपासून तुमचं घर दोन गल्ल्या पलीकडे. स्कूटी लावायची आणि चालत यायचं. मी येताना-जाताना मुद्दाम दुसऱ्या रस्त्याने यायला लागले. सुट्टी संपून शाळा उघडली त्याच आठवड्यात तुम्ही गेलात.

भेटायला आले तेव्हा तुमच्या सूनबाईंनी मला चहा दिला. एवढ्या गर्दीत माझ्यासाठी चांगला कप शोधला. त्या म्हणाल्या, "शेवटी शेवटी दोनदा इचारलं वो बाई, शाळा सुटली का म्हनून. म्हणलं, आबा, सुट्टी हाय शाळंला. मग गप पडून ऱ्हायले." मी चहा प्यायले. तिथेही सांगितलं नाही. उठताना त्या म्हणाल्या, तुमचं नाव लई घ्यायचे. त्याने मला बरं वाटायला हवं होतं.

तेव्हापासून मी पाहुण्यांना फोन करत सुटलेय. पाकिटं परत हवीत म्हणून. एकांनी ती पारव्यांना घातली. एकांच्या घरी मिक्सरमधून काढून थालीपीठ झालं, चव छान होती म्हणाले. बहुतेकांना पाकीट मिळालं होतं हेच आठवत नव्हतं. तीन मात्र सापडली. त्यातलं एक तर इथे माझ्या घराजवळच, एका साहेबांच्या काचेच्या कपाटात, मानचिन्हांच्या शेजारी ठेवलेलं. लेबलासकट. त्यांना ते द्यायचं जिवावर आलं. मी हट्टाने आणलं. तीन पाकिटं म्हणजे ओंजळभर बी, पण वाण संपला नाही एवढं तुम्हाला कळावं.

तुमच्याशी अजून भांडायचं आहे. पेरणीच्या बाबतीत मी म्हणत होते ते बरोबर होतं आणि तुम्ही ऐकायला हवं होतं. तुमच्या काळातला पाऊस आता नाही, हे तुम्हालाही कळत होतं, पण माझ्या तोंडून ऐकायचं नव्हतं. मात्र माझीही समजूत चुकीची होती. तुमचं ज्ञान म्हणजे पाऊस कधी येणार ते सांगणं, असं मी धरून चालले होते. ते चुकलं की तुमचं सगळंच चुकलं, असं मला सोयीचं पडत होतं. तुम्ही तर दर वर्षी आपण चुकणार हे धरूनच पेरत होता. त्या मडक्यात तेच होतं. हवा एवढी बिघडलेली असताना मुलांना शिकवण्यासारखं याहून मोठं माझ्याकडे काही नव्हतं, आणि मी त्याला लेबल लावून वाटून टाकलं.

उद्या सांगितलं तर काय होईल? मुलं मला खोटारडी म्हणतील. घरी सांगतील, मुख्याध्यापकांपर्यंत जाईल, अहवालात माझं नाव आहे, फोटो आहेत. नाही सांगितलं तर ही मुलं मोठी होतील आणि शेतावरून जाताना म्हणतील, आमच्या शाळेत एक आबा यायचे, त्यांचा पाऊस चुकला. तुमच्या नावापुढे एवढंच राहील. मला हे दुसरं सहन होणार नाही असं मी इथे लिहितेय, पण आठ दिवस सहन केलंयच की.

काल इथवर लिहून उठले. आज सोमवार. तास झाला.

हजेरी घेतली आणि वही मिटली. पुस्तक उघडलं नाही, उघडलं असतं तर पुन्हा धडाच शिकवला असता. उभ्यानेच सांगितलं. मागचं बी मी पाकिटांत घालून पाहुण्यांना दिलं. मडकं रिकामं होतं ते माझ्यामुळे. आबा पुन्हा पेरायला आले तेव्हा त्यांना बोलले ती माझी चूक लपवायला. शोकसभेत जे म्हणाले तेही खोटं होतं. रान रिकामं आहे ते आबांमुळे नाही. वर्गात चाळीस मुलं आणि पंख्याचा आवाज.

मग वैष्णवी उठली.

"बाई, आमाला ठाऊक हाय."

मी विचारलं, "कसं?"

"पाकिटं आमीच भरली की."

भरलीच होती. शुक्रवारचे दोन तास, प्रयोगशाळेत, चमच्याने. मी स्वतः त्यांना रांगेत बसवलं होतं. एवढे दिवस जीव टांगणीला लावून मी जे लपवत होते ते त्यांच्याच हातून झालेलं, आणि हे माझ्या ध्यानातही राहिलं नव्हतं. मी खुर्चीवर बसले. विचारलं, "मग बोलला का नाहीत?"

तिने मागे वळून इतरांकडे पाहिलं. कोणीतरी मान हलवली. "आबा बैलं घिऊन निगाले ना, तवा आमी मागनं गेलो त्यांच्या. म्हणलं, आबा, तुमची चूक न्हाय, आमी बाईंना जाऊन बोलतो. तर आबा म्हनले, न्हाय. बाई सोता सांगतील. तवर त्यांच्याम्होरं कुनी मडक्याचं नाव काडायचं न्हाय, आन् माजंबी. आमाला शपत घातली."

"आणि शोकसभेत? मी एवढं बोलले तेव्हा?"

"तवाबी गपच बसलो की," ती म्हणाली. "तुमी सांगितलं नव्हतं अजून."

आबा, तुम्ही बैल वळवून निघून गेलात तेव्हापासून त्या मुलांनी माझ्यासमोर तुमचा विषय काढला नव्हता. मला वाटलं होतं, लहान आहेत, विसरली. दीड महिना ती माझ्याकडे बघत बसली होती. तुमच्यासाठी रडायचंही थांबली होती ती, माझ्यासाठी. वैष्णवी तशीच उभी होती. तिने विचारलं, "आता आबांचं बोललं तर चालंल न्हवं, बाई?"

मी हो म्हणाले.

आणि सगळा वर्ग एकदम बोलायला लागला. आबा असं म्हणायचे, आबांनी मला बैलाची शेपटी धरून दिली, आबांनी माझ्या बापाला दम दिला, आबा मला एकदा मारायला धावले. एक मुलगा बाकावर डोकं ठेवून रडत होता आणि रडतारडता तोही मध्येच काहीतरी सांगत होता. अर्ध्या गोष्टी मला ठाऊकच नव्हत्या. तास संपल्याची घंटा झाली, चौथ्या तासाचे सर दारात येऊन उभे राहिले, तरी कोणी थांबलं नाही. मीही कोणाला थांबवलं नाही.